दोन दारांचे मेढे

१

प्रणालीनं सही लगेच ओळखली. सही तिचीच होती. घाईत ओढलेली रेघ, रेघेखाली दोन टिंबं, दुसऱ्या कुणाला जमायची नाही अशी. पण ज्या कागदावर ती होती, तो कागद तिनं जन्मात पाहिला नव्हता.

कागद आणला होता कलाबाईनं. कलाबाई मध्य प्रदेशातल्या, शिवेवरच्या अंजनखेडीची कोटवार. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, कोण नवं राहायला आलं ते वहीत टिपायचं, तहसीलच्या नोटिसा ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या आणि डफडं वाजवून मुनादी, म्हणजे दवंडी, द्यायची, ही कोटवाराची कामं. नवऱ्यामागं कोटवारी तिच्याकडं आली त्याला बावीस वर्षं झाली. साठी उलटली तरी बाई ताठ होती, आणि नजर अशी, की समोरच्यानं न केलेलं पापही कबूल करून टाकावं. अंगणवाडीतली पोरं खिचडी खात होती. कलाबाईनं पायरीवर बसून पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वाच."

प्रणाली गावची अंगणवाडी कार्यकर्ता, आणि मतदार यादीचं कामही तिच्याच गळ्यात. यादीत नाव घालणारा माणूस खरंच गावात राहतो का, हे घरी जाऊन बघायचं आणि लिहून द्यायचं. हातातल्या कागदात हिंदीत लिहिलं होतं, की पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता मी घर क्रमांक सत्तेचाळीसला गेले, आणि भैय्याजी सरोदे सहकुटुंब तिथंच राहतात याची खात्री केली. खाली पंच म्हणून दोघांच्या सह्या होत्या, पंचायतीचा सचिव हिरामण आणि भैय्याजींचा पुतण्या विनोद. सोबत फोटो जोडला होता. भैय्याजी आणि त्यांची बायको दारात उभे, दोघंही लग्नाला आल्यासारखे नटलेले.

विधानसभेची पोटनिवडणूक तोंडावर होती आणि भैय्याजींना विधायक, म्हणजे आमदार, व्हायचं होतं. माणूस मूळचा अंजनखेडीचा, पण वीस वर्षांपासून नागपूरला बंगला बांधून राहिलेला, नावही तिथल्याच यादीत. आता कायद्याची गंमत बघा. मध्य प्रदेशात कुठंही मतदार असलेला माणूस इथून उभा राहू शकतो. पार रीवाहून आला, इथली एक गल्ली ओळखत नसला तरी चालतो. पण शिवेपलीकडं महाराष्ट्रात मतदार असला, तर त्याची शंभर एकर संत्री इकडं असूनही उपयोग नाही. म्हणून भैय्याजींनी नाव अंजनखेडीत घालायचा अर्ज केला होता. प्रणाली एकदा त्या घरी जाऊन आली होती. दाराला कुलूप होतं. मोठ्या माणसाचं काम, म्हणून तिनं तो अर्ज तसाच बाजूला ठेवला होता. मग हा कागद आला कुठून?

"विरोधी पार्टीवाल्यायनं हरकत घेतली," कलाबाई म्हणाली. "शुक्रवारी सौसरले पेशी हाय, सुनावनी, नायब तहसीलदार मॅडमपुढं. कागद खोटा निघाला तं नोकरी जाईन, वरून केस होईन तुह्यावर."

"मावशी, मी हे लिहिलंच नाही. आईशप्पथ."

"मंग सांग. पाडव्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजता तू कुठं होती?"

याच एका प्रश्नाचं उत्तर प्रणालीला देता येण्यासारखं नव्हतं.

२

कारण त्या दिवशी सकाळी अकरा वाजता प्रणाली सावनेरला होती. सावनेरला, म्हणजे शिवेपलीकडं, महाराष्ट्रात. तशी ती रोजच तिथं असायची.

अंगणवाडी कार्यकर्ता त्याच गावात राहणारी पाहिजे, हा नियम. अंजनखेडीत तिचं सासरचं घर होतं, त्याच पत्त्यावर नोकरी लागली होती. पण सासू-सासरे गेले, पोरगी सायली शाळेजोगी झाली, आणि नवऱ्यानं, प्रफुल्लनं, सावनेरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्याला सहा वर्षं झाली. प्रफुल्ल बोरगावला भैय्याजींच्याच संत्र्याच्या पॅकिंग शेडवर सुपरवायझर होता. रोज सकाळी तो तिला गाडीवर बोरगावपर्यंत सोडायचा, तिथून ती ऑटोनं गावात यायची. नोकरी एका राज्यात आणि अंथरूण दुसऱ्या राज्यात. गावाला अंदाज होता, पण खिचडी वेळेवर शिजत होती म्हणून कुणी बोलत नव्हतं.

पाडव्याला सायलीला सडकून ताप होता. प्रणालीनं सहायिका उर्वशीला फोन केला, की आज जमत नाही, माझी हजेरी लावून ठेव. शेजारी दाढी करणारा प्रफुल्ल म्हणालाही होता, सांग सांग, आज सारा तहसील पांढुर्ण्याला गोटमारीच्या बंदोबस्तात असते, कोण पाहून राहिलं! पाडव्याला पांढुर्णा आणि सावरगाव ही दोन गावं जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात, ती गोटमार. उर्वशीनं हजेरी लावली. म्हणजे कागदोपत्री प्रणाली त्या दिवशी गावात होती. मी गावात नव्हतेच म्हणावं, तर खोटी हजेरी आणि खोटा पत्ता दोन्ही उघडे पडतात. होते म्हणावं, तर तो अहवाल तिच्या गळ्यात. इकडे आड, तिकडे विहीर.

आणि सही? सहीचंही पाप तिचंच होतं. आपण वेळेवर असू-नसू, म्हणून ती सुट्टीच्या दिवशी सावनेरच्या घरी स्वयंपाकाच्या ओट्याशी बसून कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायची. त्यातले पाच कागद उर्वशीकडं अंगणवाडीतल्या पत्र्याच्या डब्यात असत. अशा एखाद्या कोऱ्या कागदावर कुणीतरी बाकीचं लिहून काढलं होतं.

कलाबाईला ती एवढंच म्हणाली, की आठवून सांगते. कलाबाईनं नोटिशीवर तिची सही घेतली आणि ती निघून गेली.

दुपारी पोरं पांगल्यावर प्रणाली सासरच्या घराकडं गेली. आठवड्यातून एकदा जाऊन ती अंगण झाडायची, माणसांच्या डोळ्यांसाठी. दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या डहाळ्या तशाच उभ्या होत्या, पानं वाळून चुरा झालेली. पोळ्याला त्या दाराशी उभ्या करतात, त्यांना मेढे म्हणतात. पाडव्याला दिवस उगवायच्या आत ते उपटून शिवेबाहेर फेकायचे, म्हणजे घरातली इडापिडा मारबतीसंगं, त्या दिवशी गावाबाहेर नेऊन जाळतात त्या बाहुलीसंगं, जाते. पोळ्याच्या दिवशी प्रफुल्ल एकटाच गावात येऊन, चुलतभावाच्या बैलांना नैवेद्य देऊन आणि दाराला मेढे लावून संध्याकाळी परत गेला होता. पाडव्याला ते उपटायला कुणी आलंच नव्हतं. प्रणालीला ओशाळल्यासारखं झालं. पण पेशीच्या धास्तीपुढं मेढ्यांचं काय घेऊन बसायचं, म्हणून ती पायरीवर टेकली आणि दोन घास खाऊन घ्यावे म्हणून तिनं पिशवीतून डबा काढला.

डब्याखाली पिशवीच्या तळाशी एक पांढरं पाकीट होतं. आत फोटो होता. सावनेरच्या घराचं दार, दारात शाळेच्या गणवेशात सायली, समोरचा पडका दात दाखवून हसणारी. फोटोच्या मागं काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. आम्हाला तुझं घर ठाऊक आहे, पोरगी ठाऊक आहे, तोंड बंद ठेव.

प्रणालीनं फोटो छातीशी धरला आणि रिकाम्या गल्लीत वळून वळून बघत राहिली. डबा तिनं तसाच झाकून ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी कलाबाई अंगणवाडीच्या दारात हजर. पंचांना नोटिसा द्यायच्या आहेत, तू संगं चाल, असं म्हणाली. असा काही नियम नसतो हे प्रणालीला माहीत होतं, पण एकटं बसण्यापेक्षा बाईच्या मागं चालणं बरं वाटलं. रस्त्यानं प्रत्येक मोटारसायकलीचा आवाज आला की ती दचकत होती. सायलीला तिनं आज शाळेत पाठवलं नव्हतं. शेजारणीकडं ठेवून तीनदा फोन केला होता.

हिरामण सचिव पंचायतीत पंख्याखाली बसूनही घामाघूम होता. अंगणवाडी पंचायतीच्याच इमारतीत, दुसरी किल्ली त्याच्याकडं असायची. कलाबाईनं तिथूनच सुरुवात केली. त्यानं हात जोडले. म्हणाला, की कागद विनोद घेऊन आला, लिहिलेला, प्रणाली मॅडमची सही आधीच झालेली. मॅडमची सही पाहिली म्हणून मी डोळे झाकून माझी केली. पाडव्याला तर मी सकाळपासून पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठावर ड्युटीवर होतो, सावरगावकडून आलेला गोटा पायावर बसला, ही बघा पट्टी.

"म्हंजे जे पाह्यलंच नाई, त्याचा तू पंच," कलाबाई म्हणाली. हिरामण पट्टीकडं बघत बसला.

विनोद शेतातल्या बंगलीवर भेटला, जीपला टेकून उभा. काकांच्या निवडणुकीचं सगळं तोच बघायचा. कलाबाईनं विचारलं, फोटो कधीचा? तो म्हणाला, लिहिलं आहे तेव्हाचा. पोळ्याला तुझे काका गावात आले होते ना, तेव्हाचा तर नाही? त्यावर तो हसला. पोळ्याला मी पूर्ण दुपार बैलांच्या तोरणाखाली होतो बाई, आमची जोडी पहिली उभी होती, साऱ्या गावानं पाहिलं, काकाही बैलांना हार घालून तासाभरात गेले. कागद कुणी दिला हे मात्र त्याला आठवत नव्हतं. कार्यकर्ते पन्नास असतात, म्हणाला.

दोघी निघाल्या तसा तो मागून गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, सायली बरी आहे ना आता? पाडव्याले लय ताप होता म्हणे."

प्रणाली थबकली. कलाबाईनं तिचं मनगट धरलं आणि बांध ओलांडेपर्यंत सोडलं नाही.

वाटेत भैय्याजींचं घर लागलं. घर क्रमांक सत्तेचाळीस. मोठं दार, मोठं कुलूप, कुलपावर कोळिष्टकं. आणि दाराच्या दोन्ही अंगांना मेढे, वाळून काटक्या झालेले. कलाबाई तिथं थांबली. मग तिनं पिशवीतून फोटोची झेरॉक्स बाहेर काढली, दाराशी धरली, पुन्हा पाहिलं. खाली वाकून तिनं एका मेढ्याला दोनदा गुंडाळून, टोक आत खोवून बांधलेली दोरी सोडवली आणि कनवटीला खोचली. निळी प्लास्टिकची दोरी होती, संत्र्याच्या पेट्या बांधतात तसली.

"चाल, आता उर्वशीले पाहू," ती म्हणाली. तिचा चेहरा मघापेक्षा उतरला होता, आणि ते पाहून प्रणालीची भीती आणखीच वाढली.

४

उर्वशीनं रडून आकाशपाताळ एक केलं. हजेरी लावली ते खरं, पण ताई, कागद मी कुणाला देईन का? तिनं गळ्यातली किल्ली काढून डबा उघडला. लापशीच्या पाकिटांखाली प्लास्टिकच्या पिशवीत सही केलेले कोरे कागद होते. पाच दिले होते, पाचही होते. कलाबाईनं ते प्रणालीला पुन्हा एकदा बघायला लावले आणि उर्वशीला डोळे पुसून घरी जायला सांगितलं.

खोलीत दोघीच उरल्यावर कलाबाईनं दार लोटून घेतलं. "आता लपवून राहिली ते काढ. कालपासून पिशवी पोटाशी धरून फिरून राहिली तू."

प्रणालीनं पाकीट काढून दिलं. आणि मग तिच्याच्यानं राहवेना. सावनेर, हजेरी, ताप, सगळं तिनं सांगून टाकलं. कलाबाईला नवल वाटलेलं दिसलं नाही. ती फोटो उजेडात धरून बघत होती.

"हे पिशवीत कुठं होतं? डब्याच्या वर का खाली?"

"खाली. तळाशी."

"डबा तू कुठं भरते?"

"घरी, सकाळी. मग पिशवी खुंटीवर असते इथं. कुणीही टाकलं असेल मावशी. हिरामणकडं किल्ली आहे, विनोद परवा पोरांसाठी केळं घेऊन..."

"थांब, पोरी. मी एक एक सांगतो, तू आयक." कलाबाईनं कनवटीची दोरी काढून चटईवर ठेवली. "पयले मेढे. कागदात पाडव्याचे अकरा वाजले, अन् फोटोत दारात मेढे उभे, पानं हिरवी गार. पाडव्याच्या अकराले कोन्या घरी मेढे असते? दिवस निंगाच्या आत फेकते सारे. म्हंजे फोटो पोळ्याचा. गावच्या माणसाले ते दिसलं नाई, कारन पोळ्याले दारादारात असते, नजरेले सवय पडलेली. मंग तारीख पोळ्याची काऊन नाई टाकली? पोळ्याची तुले सुट्टी होती, रजिस्टरात गैरहाजर. पाडव्याले हाजरी लागली. अन् ते हाजरी खोटी, म्हनून तू तोंड उघडू शकत नाई, हे त्या माणसाले माहीत होतं. कोनाले माहीत होतं?"

"उर्वशीला."

"हो. पन उर्वशीपाशी पाच कागद होते, पाचही हायत. तं सहावा कुठून आला? तू सह्या कुठं बसून करते?"

सावनेरचा ओटा प्रणालीच्या डोळ्यांपुढं आला. ओट्यावरच्या फळीवर सह्या केलेल्या कागदांची चळत, तिच्यावर तांदळाचा डबा ठेवलेला.

"पाकीट डब्याच्या खाली होतं. डबा भराच्या आधी पडलं असन तवाच खाली राहीन. इथं कोनी टाकलं असतं तं वर राह्यलं असतं. अन् हे पाय." कलाबाईनं फोटो तिच्यापुढं धरला, पण आवाज मऊ केला. "तुही पोट्टी मह्यासमोर कधी हासली तं तोंडावर हात ठेवते. दात पडला म्हनून लाजते. इथं कशी हासून राहिली? फोटो काढणाऱ्याले पाहून. परका मानूस असता तं अशी हासली असती का?"

"मावशी, बस्स करा," प्रणाली म्हणाली.

"मीबी तेच म्हनतो. मह्या तोंडून नको. तू घरी जाय, तुह्या सासरच्या दारी. मेढे कायनं बांधले ते पाय. गावात दोनच दारांत मेढे उभे राह्यले, कारन दोन्ही घरांत मानूस राहात नाई. भैय्याजीच्या अन् तुह्या. रिकाम्या घराले मेढे लावाची गरज कोनाले पडली असन, तूच सांग."

प्रणालीला चालत गेल्याचं पुढं आठवलं नाही. ती सासरच्या दारापुढं उभी होती एवढं खरं. ती वाकली. वाळलेल्या पळसाला निळी दोरी होती, तीच गाठ, दोनदा गुंडाळून आत खोवलेली. अशी गाठ शेडवर पेट्यांना मारतात. बाईनं न सांगितलेलं नाव तिथं त्या गाठीत होतं, आणि ते तिनं तेरा वर्षं रोज घेतलेलं नाव होतं.

कलाबाई मागून आली होती. ती म्हणाली, "तू सावरगावची लेक. गोटमार तुले मी काय सांगू. गोटा उचलाच्या आधी मानसाले ठरवा लागते, आपला काठ कोनता. मधात पान्यात उभं राह्यलं तं दोन्हीकडचे गोटे लागते."

५

संध्याकाळी प्रफुल्ल घरी आला तेव्हा ओट्यावर निळी दोरी आणि फोटो शेजारी शेजारी ठेवले होते. सायली पलीकडच्या खोलीत पाढे म्हणत होती. प्रणाली ओट्याला पाठ लावून उभी होती. इतक्या वर्षांत स्वतःच्या स्वयंपाकघरात तिला कधी भीती वाटली नव्हती, आज वाटत होती.

प्रफुल्लनं नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. खुर्ची ओढून बसला आणि पाणी मागितलं. तिनं दिलं नाही. मग तो सांगायला लागला. एक कागदच तर होता. भैय्याजी निवडून आले की बोरगावची शेड पूर्ण आपल्या हाती देतो म्हणाले. पोळ्याला सारा गाव तोरणाखाली असताना त्यानंच मेढे लावले, घर माणसांतलं दिसावं म्हणून, आणि त्यानंच फोटो काढला. बाकीचं विनोदनं लिहून घेतलं. आणि खोटं म्हणशील तर आपण तरी कुठं तिथं राहून राहिलो? भैय्याजींचं खोटं आणि आपलं खोटं एकाच मापाचं. ते सुटले तर आपणही सुटतो, ते अडकले तर आपणही गेलो.

हे शेवटचं प्रणालीला खोडून काढता येईना. खरंच होतं ते. ती एवढंच म्हणाली, "अन् सायलीचा फोटो?"

"धमकी नव्हती ती. पेशीत तू बोलली असती तं आपलं सारं गेलं असतं. तू घाबरली की गप राहते. तुले मी ओळखून नाही का?"

दोन दिवस प्रणाली प्रत्येक मोटारसायकलीला दचकत होती, पोरीला शाळेतही पाठवत नव्हती, आणि तो त्याच ताटलीत जेवत होता. तिला रडू आलं नाही. भीती होती, पण आता ती अंगभर न राहता एकाच माणसापाशी येऊन थांबली होती, आणि तो माणूस समोर बसून पाणी मागत होता. पलीकडं सायलीचे पाढे अडले, कुणी पुढचा सांगतं का म्हणून ती थांबली. प्रणालीनं आतून सांगितला.

"उद्या शुक्रवार," प्रफुल्ल म्हणाला. "काय म्हणशील तिथं?"

तिनं सायलीचं दप्तर भरायला घेतलं. त्याला खात्री होती, की ही काही बोलायची नाही.

६

सौसरच्या तहसीलीत माणसं मावत नव्हती. भैय्याजी पांढऱ्याधोप कपड्यात पुढच्या खुर्चीवर, मागं विनोद, भिंतीशी पायाला पट्टी बांधलेला हिरामण. दारात प्रफुल्ल उभा होता. व्हरांड्यात बाकावर कलाबाई, आणि तिच्या शेजारी दप्तर घेऊन सायली. प्रणाली तिला सकाळच्या एसटीनं सोबतच घेऊन आली होती.

नायब तहसीलदार शिवानी मॅडम रीवाकडच्या, पोळा त्यांना कॅलेंडरातून ठाऊक. त्या फोटो निरखत होत्या. त्यांनी सहज विचारलं, की दाराशी या काड्या कसल्या, तोरण आहे का? तेवढ्या एका क्षणात खोलीतल्या गावच्या सगळ्या माणसांना ते मेढे पहिल्यांदा दिसले. भैय्याजींनी मान वळवून विनोदकडं पाहिलं, आणि विनोदनं जमिनीकडं.

मग प्रणालीला पुकारलं. बाबूनं पेन उचलून नेहमीचं विचारलं, नाव? तिनं सांगितलं. राहणार?

एवढा साधा प्रश्न. हजार फॉर्मांवर तिनं हजारदा अंजनखेडी लिहिलं होतं. दारातून प्रफुल्ल बघत होता, शांतपणे, तिला पुरता ओळखणारा. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"राहणार सावनेर, जिल्हा नागपूर, महाराष्ट्र. सहा वर्षांपासून. पाडव्यालाही मी तिथंच होते मॅडम, पोरीला ताप होता. माझी हजेरी खोटी आहे, मीच लावायला सांगितली होती. सही माझी, पण कागद मी लिहिला नाही. आणि पाडव्याच्या अकरा वाजता आमच्याकडं कुणाच्या दारात मेढे नसतात."

बाबूचं पेन थांबलं. मॅडमनी त्याला सांगितलं, की जसंच्या तसं लिहा. पुढं तासभर प्रश्न चालले. कोरा कागद कुठं होता, तिथून कुणी नेला, हे सांगायला लागलं तेव्हाही नाव तिनं घेतलं. तिनं दाराकडं पाहिलं तेव्हा तिथं प्रफुल्ल नव्हता.

भैय्याजींचं नाव यादीत गेलं नाही. विनोद, हिरामण आणि प्रफुल्ल यांच्यावर चौकशी बसली. प्रणालीच्या हातात नोकरीवरून का काढू नये याची नोटीस पडली, ती द्यायचं कामही कलाबाईच्याच वाट्याला आलं. उत्तराला पंधरा दिवस होते. काय होणार ते दोघींनाही कळत होतं.

त्याच दिवशी उन्हं उतरताना ऑटो अंजनखेडीत थांबला. प्रणालीनं सासरच्या दाराचं कुलूप काढलं. कडी गंजली होती, दोन धक्के द्यावे लागले. आत जायच्या आधी तिनं दोन्ही मेढे उपटले, शिवेपर्यंत चालत गेली आणि पलीकडं फेकून दिले. घेऊन जाय गे मारबत, असं ती पुटपुटली, कुणाला ऐकू न येईल इतक्या हळू. पंधरा दिवस उशीर झाला होता.

परत आली तेव्हा कलाबाई पायरीवर बसली होती, मांडीवर जाडजूड वही उघडून. सायली अंगणात झाडू घेऊन उगाच धूळ उडवत होती.

"गावात कोनी नवीन राहाले आलं तं लिहा लागते मले," कलाबाई म्हणाली. "लिहू?"

"लिहा."

"घरात मानसं किती?"

प्रणालीनं अंगणाकडं पाहिलं. सायली तिच्याकडं बघून हसली, तोंडावर हात न ठेवता.

"दोघी," प्रणाली म्हणाली.